पाकीट फोडायचं की ठरलेला डबा आणायचा? चौघांच्या टेबलासाठी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकरोडला राहता. रविवारी दुपारी चौघं पत्ते खेळायला बसता: तुम्ही, धाकटा भाऊ, नववीतला मुलगा आणि अकरावीतली पुतणी. मेंढीकोट आणि रमी आता पुरे झालं, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. मुलाकडे पोकेमॉनचे दोनेकशे पत्ते जमलेत आणि तो दर महिन्याला नवी पाकिटं मागतो. कुणीतरी तुम्हाला सांगितलं की ‘लिव्हिंग कार्ड गेम’ नावाचा एक प्रकार असतो, त्यात काय मिळणार ते डब्यावरच लिहिलेलं असतं. या दोन्हींत नेमका फरक काय, आणि एकदाच सहा हजार रुपये घालायचे तर कशात घालावेत, हे तुम्ही विचारलंय.

फरक आहे तो नशीब कुठे बसवलंय यात. कॅट पिसला की कुठलं पान हातात येईल ते सांगता येत नाही, हे नशीब दोन्ही प्रकारांत आहे आणि ते हवंच. संग्रहाच्या खेळात, म्हणजे पोकेमॉनसारख्या पाकिटं फोडून पत्ते जमवायच्या खेळात, मात्र त्याच्याही आधी, दुकानाच्या काउंटरवर, आणखी एक नशीब उभं असतं. पाकिटात काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. ठरलेल्या संचाच्या खेळात हे दुसरं नशीब काढून टाकलेलं असतं. आपल्याकडे पत्त्यांची रीत मुळात तीच आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचा संच १२० पानांचा: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं. तो घरी आला की खेळ पूर्ण आला. ‘दुर्मीळ वामन’ शोधत कुणाला फिरावं लागत नाही.

पाकिटांची पद्धत रुळली ती १९९३ मध्ये आलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’पासून. तो खेळ रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचला. पंधरा पानांच्या त्याच्या जुन्या पाकिटाचं गणित ठरलेलं असे: दहा कॉमन (नेहमी निघणारे), तीन अनकॉमन (जरा कमी निघणारे), एक रेअर (दुर्मीळ) आणि एक जमिनीचं पान (बाकीचे पत्ते खेळायला लागणारं साधं पान). गंमत म्हणजे दोन प्रकारांतला फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो याच माणसाच्या दुसऱ्या एका खेळात. ‘नेटरनर’ १९९६ मध्ये पाकिटांतून विकला जाणारा संग्रहाचा खेळ म्हणून आला आणि काही वर्षांत मागे पडला. २०१२ मध्ये फँटसी फ्लाइट गेम्सने तोच खेळ थोडे नियम बदलून ‘अँड्रॉइड: नेटरनर’ या नावाने ठरलेल्या संचांत आणला. एक बाजू कंपनीची, दुसरी हॅकरची. खेळाचा गाभा तोच. बदललं ते विकण्याचं तंत्र. एक मूळ डबा, आणि नंतर ६० पत्त्यांचे छोटे पुडे. प्रत्येक पुड्यात २० वेगवेगळे पत्ते, प्रत्येकाच्या तीन प्रती, आणि डेकमध्ये, म्हणजे खेळाडू स्वतः निवडून खेळायला आणतो त्या गठ्ठ्यात, एका नावाच्या प्रती चालतात तीनच. म्हणजे पुडा घेतला की त्या २० पत्त्यांचा विषय कायमचा मिटला. ‘लिव्हिंग कार्ड गेम’ हे नाव याच कंपनीचं आहे. सर्वसाधारण शब्द वापरायचा तर ‘ठरलेल्या संचाचा, वाढत जाणारा खेळ’ म्हणा.

आता पाकिटांचा हिशेब बघा, कारण मुलाला समजवायला तो उपयोगी पडेल. समजा एका मालिकेत ६० रेअर पत्ते आहेत, प्रत्येक पाकिटात एक रेअर निघतो आणि सगळे निघण्याची शक्यता सारखी आहे. त्यातले कोणतेही ३० वेगवेगळे पत्ते जमायला सरासरी ४१ पाकिटं लागतात. सगळे ६० जमवायचे तर सरासरी २८१. म्हणजे पहिला अर्धा संग्रह ४१ पाकिटांत होतो आणि उरलेल्या अर्ध्याला आणखी २४० लागतात. शेवटचा जो एकच पत्ता राहतो त्याच्यासाठी सरासरी ६० पाकिटं फोडावी लागतात! शिवाय ही फक्त एकेका प्रतीची गोष्ट झाली. मॅजिक आणि पोकेमॉनमध्ये एका नावाच्या चार प्रती चालतात. मुलाला एकच ठरावीक रेअर हवा असेल आणि तुम्ही ३६ पाकिटांचा अख्खा बॉक्स घेतला, तरी तो मिळण्याची शक्यता साधारण ४५ टक्के, निम्म्याहून कमी. म्हणून पहिला नियम: एखादा विशिष्ट पत्ता हवा असेल तर तो सुटा विकत घ्यायचा, पाकिटं फोडायची नाहीत. पाकीट हे ‘काहीतरी निघेल’ या आनंदासाठी असतं. तो आनंद खरा आहे, त्यात वाईट काही नाही, पण त्यातून डेक बांधायला जाऊ नये.

टेबलावर याचा परिणाम काय होतो? डेकमध्ये एकाच पत्त्याच्या किती प्रती आहेत त्यावर तो पत्ता वेळेवर येणं अवलंबून असतं. ६० पत्त्यांच्या डेकमधून सुरुवातीला सात पत्ते घेतले तर एक प्रत असलेला पत्ता हातात येण्याची शक्यता १२ टक्क्यांच्या आसपास. दोन प्रती असतील तर २२, चार असतील तर ४०. ज्याच्याकडे चार प्रती आहेत त्याचा डेक ठरवल्याप्रमाणे चालतो; ज्याच्याकडे एकच आहे त्याचा कधी चालतो, कधी नाही. घरच्या टेबलावर ही दरी फार बोचते. तुमच्या चौघांत खिसा सगळ्यांचा सारखा नाही. भाऊ कमावता आहे, पुतणी नाही. भावाने दोन बॉक्स आणले की त्याचा डेक वर जाणार, आणि दोन महिन्यांत बाकीच्यांचा रविवारचा उत्साह ओसरणार. घरगुती गट मोडतात ते बहुतेक इथेच. त्यात ना खेळाचा दोष असतो, ना माणसांचा. ठरलेल्या संचात सगळ्यांसमोर तेच पत्ते असतात. हरलो तर डेक बांधण्यात किंवा खेळण्यात चुकलो, आणि पुढच्या रविवारी तोच डेक मागून घेऊन खेळून बघता येतं.

पण ठरलेला संच म्हणजे स्वस्त, किंवा बिनधोक, असं समजू नका. तिथेही तीन ठिकाणी लोक फसतात.

पहिली जागा म्हणजे मूळ डबा. काही जुन्या डब्यांत सगळ्या पत्त्यांच्या पूर्ण प्रती नसायच्या. कशाच्या तीन, कशाची एकच. पूर्ण डेक बांधायला दुसरा, कधी तिसरा डबा घ्यावा लागे. चौघांच्या टेबलाला याहून मोठी अडचण खेळाडूंच्या संख्येची. २०११ चा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा मूळ डबा एक-दोन जणांपुरता होता, चौघांना दोन डबे लागत. २०१६ च्या ‘आर्कहॅम हॉरर’चंही तेच. नंतरच्या सुधारित आवृत्त्यांत, आर्कहॅमच्या २०२१ मध्ये आणि रिंग्जच्या २०२२ मध्ये, एकाच डब्यात चौघांची सोय झाली. ऑनलाइन विक्रेत्यांकडे आणि जुन्या मालात अजूनही पहिल्या आवृत्त्या दिसतात आणि कमी किमतीमुळे मोह होतो. डब्यावरचा खेळाडूंचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका: ‘१–२’ दिसलं तर ठेवून द्या, ‘१–४’ हवं.

दुसरी जागा म्हणजे साचलेला डोंगर. पुडा लहान दिसतो, पण सहा पुड्यांचं एक आवर्तन असतं, म्हणजे ३६० पत्ते. अशी पाच-सहा आवर्तनं झाल्यावर नवा माणूस आला की त्याच्यापुढे दोन हजार पत्ते. घरी खेळणाऱ्याने सगळं घ्यायची काहीच गरज नाही, पण स्पर्धेत उतरायचं तर पूर्ण संच लागतो आणि तो महागच पडतो.

तिसरी जागा: खेळ बंद पडणं. अँड्रॉइड: नेटरनर २०१८ मध्ये थांबला. ‘लिजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज’ १९९५ पासून संग्रहाचा खेळ म्हणून वीस वर्षं चालला. २०१७ मध्ये ठरलेल्या संचांत आला आणि काही वर्षांत तिथे थांबला. नीट पाहिलं तर एकमेकांविरुद्ध खेळायचे असे ठरलेल्या संचांचे खेळ लवकर दमतात, आणि सगळ्यांनी मिळून डब्याविरुद्ध खेळायचे जास्त टिकतात. माझ्या मते कारण साधं आहे. स्पर्धेच्या खेळाला गावात सतत नवे भिडू लागतात, आणि ते भिडू दुकान गोळा करतं. दुकान हे का करतं, तर पाकिटं पुन्हा पुन्हा खपतात म्हणून. एकदाच विकल्या जाणाऱ्या डब्यासाठी दर शुक्रवारी टेबलं मांडून बसणं दुकानदाराला परवडत नाही. मिळून खेळायच्या खेळाला मात्र घरातली चार माणसं पुरतात.

म्हणून खेळाचा प्रकार ठरवण्याआधी भिडू मोजा, असं मी प्रत्येकाला सांगतो. नाशिकमध्ये हे जास्तच लागू आहे. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडच्या बाजूला एखाद्या दुकानात वा कॅफेत तुमच्या खेळाचं टेबल नियमित लागतं का, आठवड्यातून किती वेळा, किती जण येतात, हे आधी स्वतः जाऊन बघा. आठ-दहा जण नेमाने येत असतील, आणि नाशिकरोडहून तिकडे जायची तुमची तयारी असेल, तर संग्रहाचा खेळ फुलतो: अदलाबदल होते, सुटे पत्ते मिळतात, मुलाला वेगवेगळ्या वयाचे भिडू भेटतात. मुलाच्या शाळेत पाच-सहा मित्र पोकेमॉन जमवत असतील तर तेही टेबलच समजा. मधल्या सुट्टीतली देवाणघेवाण हा त्या खेळाचा निम्मा आनंद आहे आणि तो कुठल्याही डब्यात मिळत नाही. तो तोडू नका, फक्त महिन्याची रक्कम बांधून द्या. पण रविवारचं टेबल तुम्हा चौघांचंच राहणार असेल, तर काउंटरवरचं नशीब टेबलावर आणायचं नाही. त्यासाठी ठरलेला संच आणा, किंवा घरात आहे तोच संग्रह ‘ठरलेला’ करून टाका. हा दुसरा मार्ग फार थोडे लोक वापरतात, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

आधी मुलाचे पत्ते खरे आहेत का ते तपासा. खेळण्यांच्या आणि स्टेशनरीच्या दुकानांत सोनेरी, प्लॅस्टिकसारखे चकचकीत, एका डबीत पन्नासच्या वर पत्ते असलेले जे पोकेमॉन मिळतात, ते नकली असतात. बाकीच्यांसाठी सोपी खूण: पत्ता आडवा धरून कड भिंगाने पाहा. खऱ्या पत्त्यात कागदाच्या दोन थरांमध्ये काळसर रेघ दिसते. नकली बहुधा आरपार पांढरा असतो आणि मोबाइलच्या टॉर्चचा उजेड त्यातून जास्त जातो. मागच्या बाजूचा निळा रंग खात्रीच्या पत्त्याशेजारी ठेवून जुळवा. घरी खेळायला नकली पत्ते चालतील असं वाटेल, पण त्यांवरचे आकडे आणि मजकूर चुकीचे असतात, त्यामुळे डावच बिघडतो.

उरलेल्या खऱ्या पत्त्यांतून ६० पत्त्यांचे पूर्ण डेक बांधायला जाऊ नका. दोनशेत चार डेक बसणार नाहीत. ३० पत्त्यांचे अर्धे डेक बांधा, सहाऐवजी तीन बक्षीस पत्ते (समोरच्याचा पोकेमॉन हरवला की उचलायचे) मांडा, एका नावाच्या जास्तीत जास्त दोन प्रती ठेवा. साध्या एनर्जीला (हल्ल्यासाठी पोकेमॉनला जोडायचे पत्ते) मर्यादा नाही. साधारण प्रमाण असं: १० ते ११ एनर्जी, १२ ते १३ पोकेमॉन, उरलेले ट्रेनर, म्हणजे मदतीचे पत्ते. एका डेकमध्ये एनर्जीचे दोनच रंग. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बेसिक पोकेमॉन (उत्क्रांत नसलेले, थेट मांडता येणारे) आठपेक्षा कमी ठेवू नका. पहिल्या सात पत्त्यांत एकही बेसिक नसेल तर हात दाखवून पुन्हा पिसावं लागतं आणि समोरच्याला एक जादा पत्ता घेता येतो. ३० मध्ये आठ बेसिक असतील तर हे बारातून एकदा घडतं; चारच असतील तर तिनातून एकदा! मुलं आवडीच्या मोठ्या उत्क्रांत पोकेमॉनने डेक भरतात आणि मग ‘खेळच चालत नाही’ म्हणतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. असे चार डेक झाले की चार डब्यांत ठेवा, वर चिठ्ठी लावा आणि दर रविवारी डबा चिठ्ठी टाकून ठरवा. आता तो ठरलेल्या संचाचा खेळ झाला. नवी पाकिटं आली तर त्यातून दर डेकला महिन्याला दोनच पत्ते बदलायचे, तेही चौघांच्या संमतीने.

मॅजिककडे वळायचं ठरलं तर हाच मार्ग ‘क्यूब’ या नावाने चालतो. चौघांसाठी १८० वेगवेगळे पत्ते, प्रत्येकाची एकच प्रत, आणि वेगळ्या डबीत साध्या जमिनी, पाच प्रकारच्या प्रत्येकी वीस. १८० पत्ते पिसून पंधरा-पंधराचे बारा गठ्ठे करा, प्रत्येकाला तीन. एक गठ्ठा उघडायचा, एक पत्ता ठेवायचा, बाकीचे शेजाऱ्याला द्यायचे, आणि गठ्ठे संपेपर्यंत हेच चालू ठेवायचं. शेवटी हातात ४५ येतात. त्यातले २३ आणि १७ जमिनी मिळून ४० चा डेक. सगळे पत्ते कॉमन दर्जाचेच घेतले तर खर्च अगदी आटोक्यात राहतो. पाकीट फोडण्याची हुरहूर इथे दर आठवड्याला फुकट मिळते, कारण नशीब परत टेबलावर आलेलं असतं.

आता सहा हजारांकडे. तुमच्या गटाकडे पाहता मी पहिल्या महिन्यात दोनच गोष्टी घेईन. एक, मिळून खेळायचा ठरलेला डबा. ‘मार्व्हल चॅम्पियन्स’ या २०१९ च्या खेळाच्या मूळ डब्यात पाच नायक आणि तीन खलनायक आहेत, एक ते चार जण खेळतात आणि पुढे कधीच काही घेतलं नाही तरी काही महिने पुरतो. नायकाच्या डेकमध्ये घालायचे पत्ते चार रंगांच्या गटांत असतात; चौघांनी खेळताना प्रत्येकाने वेगळा रंग घ्या, नाहीतर पत्ते कमी पडतात. पहिला डाव ऱ्हायनो या सोप्या खलनायकाविरुद्धच खेळा. अल्ट्रॉन या अवघड खलनायकाला सुरुवातीलाच हात घातलात तर चौघंही वैतागाल. एकमेकांविरुद्धच खेळायचं असा आग्रह असेल तर त्याऐवजी ‘डोमिनियन’. २००८ चा हा खेळ, यात डेक घरी बांधून आणायचा नसतो, तो डावातच बांधला जातो. सगळ्यांची सुरुवात सारखी: सात तांब्याची नाणी आणि तीन जागिरी. नियम वीस मिनिटांत सांगून होतात. दोन्हींत मजकूर इंग्रजीत आहे, पहिले दोन डाव मोठ्याने वाचत खेळा.

दुसरी गोष्ट, स्लीव्ह, म्हणजे पत्त्यावर चढवायची प्लॅस्टिकची पाकिटं. ६३ × ८८ मिलिमीटरच्या पत्त्यांचे घ्या. पोकेमॉन, मॅजिक, मार्व्हल तिन्हींना हेच माप चालतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दमट हवेत कागद ओलावा ओढतो, चकचकीत थर ओढत नाही, म्हणून फॉइलचे पत्ते आधी वाकतात. झाकणबंद डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, रबरबँड लावू नका. उरलेली रक्कम तीन महिने तशीच राहू द्या. कोणता खेळ खरंच टेबलावर येतो ते कळल्यावरच पुढचा पुडा.

पुतणीला डोकं लावायचे खेळ आवडत असतील तर नेटरनर दाखवा, पत्ते न विकत घेता. मूळ कंपनीने थांबवल्यावर नल सिग्नल गेम्स या खेळाडूंच्याच ना-नफा संस्थेने तो पुढे चालू ठेवलाय, आणि छापून खेळायच्या फाइल ती मोफत देते. ‘सिस्टिम गेटवे’ या संचापासून सुरुवात करा. ए-४ वर नऊ पत्ते बसतात. झेरॉक्सवाल्याला ‘फिट टू पेज’ बंद करून शंभर टक्के आकारात काढायला सांगा आणि पहिलं पान निघालं की पट्टीने मोजा: रुंदी ६३ भरली तरच पुढची पानं. जाड कार्डावर छापायची गरज नाही. साधा कागद कापून स्लीव्हमध्ये जुन्या कॅटच्या पानापुढे सरकवला की पिसायलाही बरा जातो. हे फक्त ज्यांनी स्वतः परवानगी दिलीय त्यांच्याच खेळांबाबत.

या रविवारी काही विकत न घेता मुलाबरोबर पत्ते लावायला बसा: नकली बाजूला, खऱ्यांत बेसिक वेगळे, एनर्जी रंगाप्रमाणे. बेसिक किती भरले आणि कोणत्या रंगाची एनर्जी किती आहे ते इथेच लिहा, चार अर्धे डेक कसे पडतील ते मी मांडून देतो.